चष्मा उतरवायचा दिवस

"सेमिसी, ऊठ तिथून. बहीण येतेय."

आईचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. वावाऊ बेटावरच्या आमच्या घरात तो दिवसातून कितीदा तरी उठायचा. मी टाकीवरून पाण्याची बादली आणली की, शाळेतून आले की, नुसत्या दारात चपला काढल्या तरी. सेमिसी चटईवर लोळत असायचा, तो उठायचा आणि मागच्या दाराने बाहेर जायचा. तोंडात घास असला तर घासासकट. शिक्षा म्हणून नाही, माझा मान म्हणून. आमच्यात बहीण वरची, वयाने धाकटी असली तरी वरची. भाऊ जाणता झाला की मुलग्यांच्या वेगळ्या झोपडीत निजायला जातो. बहिणीच्या चटईवर बसत नाही, तिच्या तोंडाकडे फार वेळ बघत नाही, तिच्यासमोर वाह्यात बोलत नाही. आणि अंगाचं, दुखण्याखुपण्याचं तर नाहीच नाही. शरीर ही भावाबहिणीमध्ये नसलेलीच गोष्ट.

आई झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसली की लाकडी मोगरीच्या ठेक्यावर गायची,

बहीण माडाचा शेंडा, भाऊ मुळाची गं माती
वारा शेंड्याशी बोलतो, माती मुकी दिनराती

मला हे गाणं फार आवडायचं. आवडणारच, शेंडा मी होते.

सिडनीत येऊनही यातलं काही सुटलं नाही. माउंट ड्रुइटला सेमिसीचं घर आणि माझं घर एकाच रस्त्यावर. तो माझ्याकडे आला तर पायरीवर बसतो. मी त्याच्याकडे गेले की त्याला मागच्या अंगणात काहीतरी काम आठवतं. मग निरोप वहिनीमार्फत. लुसेआने वहिनी म्हणते, "मी तुम्हा दोघांचं टपाल आहे गं. फरक एवढाच, टपालवाल्याला रविवारी सुट्टी असते."

मला या कशाचाही राग नव्हता तेव्हा. राग होता चष्म्याचा.

मी कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवते. आत गोठलेल्या कोंबड्या, मटार, आइस्क्रीम, श्वास सोडला तर त्याची वाफ दिसते. बाहेर धक्क्यावर जानेवारीचं, इथल्या उन्हाळ्याचं ऊन, डांबर बुटाला चिकटतं. आतून बाहेर आलं की चष्म्याच्या काचा क्षणात पांढऱ्या. पुसाव्यात तर हातात जाड मोजे. न पुसाव्यात तर समोर नुसतं दूध. डॅरन, आमचा सुपरवायझर, रोज एकच विनोद करायचा, "लेस, वायपर बसवून घे त्याला." सगळे हसायचे. पहिली काही वर्षं मीही हसले.

मग एका दुपारी त्या दुधातून मी पॅलेट घेऊन बाहेर आले आणि समोर माणूस होता. नवा पोरगा, आपल्याच तंद्रीत. काटे त्याच्या पोटरीपासून वीतभरावर थांबले. त्या दिवशी डॅरन हसला नाही. म्हणाला, "लेस, तुझ्यासारखं मशीन इथे कुणी चालवत नाही. पण पुन्हा असं झालं तर मी तुला त्याच्यावर बसू देणार नाही. खोकी उचलायला पाठवीन. डोळ्यांचं काहीतरी कर."

खोकी मी उचलली होती. आल्या आल्या कितीतरी वर्षं. माझे गुडघे अजून त्याचं सांगतात. रात्री शिकून, परीक्षा देऊन मी त्या मशीनवर चढले होते आणि मला उतरायचं नव्हतं.

लेन्स घालून बघितल्या. डोळ्यांतून नुसतं पाणी, वाळू गेल्यासारखी आग. दुकानातली मुलगी म्हणाली, सवय होईल. झाली नाही. आणि नंबर तर दर वर्षी बदलायचा. दर वर्षी ती मुलगी तितक्याच आनंदाने म्हणायची, "अय्या, अजून थोडा वाढलाय की," जणू मी पोटुशी आहे आणि बाळ वाढतंय. नवी काच, नवी फ्रेम. का वाढतोय, हे तिने एकदाही विचारलं नाही. आता ते आठवलं की माझ्या हाताच्या मुठी वळतात.

तर मी ठरवलं, लेझर करून घ्यायचं.

पॅरामाटाचा दवाखाना दवाखान्यासारखा नव्हताच. मासे पोहणारी काचेची पेटी, मऊ कोच, कॉफीचं मशीन, आणि ब्रोडी नावाचा एक तरुण, ज्याचे दात इतके पांढरे की चष्म्याशिवायही मला दिसले असते. तो मला 'लेसिएली' म्हणायला नीट शिकला, याचं मला कौतुक वाटलं. पुढे कळलं, त्याचं कामच ते. त्याने मला यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, प्रकाशाच्या कड्यांकडे बघायचं, पापणी हलवायची नाही. मग डॉक्टर आले. चहा निवायला लागतो तेवढाच वेळ थांबले.

"बुबुळ जरा पातळ आहे," पडद्याकडे बघत ते म्हणाले. "पण चालेल. मर्यादेत बसतंय. घरात कुणाला डोळ्याचं काही?"

"काही म्हणजे?"

"काही लोकांचं बुबुळ पातळ होत होत शंकूसारखं पुढे येतं. तुमच्या बेटांवरच्या माणसांत आढळतं ते. तसं रक्तात असेल तर लेझरला हात लावायचा नाही. लेझरने आम्ही बुबुळ अजून पातळ करतो. मुळातच कमजोर असलं तर ते फुगत जातं आणि आहे ती नजरही जाते. मग मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवायची वेळ येते." हे सगळं ते हवामान सांगावं तसं बोलले. "आईवडील? भाऊ, बहीण?"

"नाही," मी म्हणाले. "आई शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची. भाऊ आहे एक. धडधाकट. छपरांवर चढायचं काम केलंय त्याने."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले आणि उठले.

मी ते 'नाही' किती ठसक्यात म्हटलं होतं. जसं काही मी सेमिसीला कधी विचारलं होतं. सख्ख्या भावाच्या चहात साखर किती, हेही मला वहिनी सांगते.

रविवारी चर्चनंतर सेमिसीच्या घरी सगळे जेवायला होतो. फाने आत्या आली होती. आमच्यात आत्याचा शब्द शेवटचा. बापाची बहीण ती, बापाहून वरची. ती चटईवर मधोमध बसली की पंखासुद्धा हळू फिरतो असं वाटतं. वहिनीने अळूच्या पानांत, नारळाच्या दुधात वाफवलेल्या मांसाच्या पुरचुंड्या आधी तिच्यापुढे ठेवल्या, मग माझ्यापुढे.

"मी काय ऐकतेय?" आत्याने पुरचुंडी सोडत विचारलं. "डोळे सोलून घेतेयस म्हणे."

"सोलत नाहीत आत्या. लेझर असतो."

"लेझरने पायांवरचे केस काढतात, हे मला माहीत आहे. आमच्या चर्चमधल्या पोरी जातात. तुझ्या डोळ्यांत केस उगवलेत का?"

वहिनी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली.

"मला चष्म्याने काम करता येत नाही, आत्या. मशीन सोडावं लागेल."

"मग सोड. तुझी आजी कधी मशीनवर बसली नाही, तिचं काय अडलं? तुझं नाव मी ठेवलं. तुझे केस पहिल्यांदा मी कापले. आणि तू डोळे जाळायला निघालीस, मला एका शब्दाने न विचारता. नको म्हणतेय मी."

मी पहिल्यांदाच आत्यापुढे मान खाली घातली नाही. म्हटलं, "बुधवारी आहे."

आत्याने घास तोंडात घातला आणि माझ्याकडे बघणंच बंद केलं. हे तिचं ओरडणं.

सेमिसी मागच्या अंगणात होता. जमिनीतल्या भट्टीवरची माती खोऱ्याने बाजूला करत होता. खिडकी उघडी होती, त्यामुळे त्याचं खोरं थांबलेलं मला ऐकू आलं. थोड्या वेळाने वहिनी बाहेर जाऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "विचारतोय, बुधवारी किती वाजता."

"त्याला काय करायचंय?"

"मला काय माहीत? मी टपाल. पत्र फोडून वाचत नाही."

मला वाटलं, हा आत्याचा हेर. आणि त्या काळात सेमिसीवर माझा राग होताच. वर्षभरापूर्वी ऑकलंडला कुणाच्या लग्नाला म्हणून गेला आणि परत आल्यापासून त्याने एकेक काम सोडायला सुरुवात केली. छपरं सोडली, पाठ दुखते म्हणाला, आणि गोदामात माल लावायला लागला. चर्चमध्ये पाठ वाचायचा मान आमच्या बाबांपासून आमच्या घरात आहे, तोही सोडला. त्याचा आवाज असा की वाचायला लागला की तान्ही पोरंसुद्धा गप्प व्हायची. आता दुसरंच कुणी अडखळत वाचतं आणि हा मागच्या बाकावर मान तिरकी करून बसतो. आत्या म्हणाली, आळस. मलाही तेच वाटलं. मी मनात म्हटलं, मी गोठलेल्या गोदामात वर चढायला धडपडतेय आणि माझा भाऊ एकेक पायरी उतरतोय, कुणी ढकललेलं नसताना.

बुधवारी वहिनी मला नेणार होती. माझा नवरा फोलाऊ पश्चिमेच्या खाणीत, महिनोन्महिने तिकडेच. लेझरनंतर गाडी चालवायची नसते, सोबत कुणीतरी हवंच, असं दवाखान्याने बजावलेलं. सकाळी वहिनीचा फोन आला. ती काम करते त्या वृद्धाश्रमात दुसरी बाई आली नव्हती, त्यांनी हिला अडकवलं होतं. "तो येतोय," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

दार उघडलं तर फाटकाशी सेमिसी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी लुंगी, आणि कमरेला चटई बांधलेली, तीही लग्नाकार्यातली, बारीक विणीची. बहिणीला घेऊन जायचं म्हणजे असंच जायचं. मला क्षणभर भरून आलं, आणि लगेच राग आला की याने मला भरून आणलं.

मी मागच्या सीटवर बसले. त्याने गाडी सुरू केली तसा रेडिओ लागला, कुठलं तरी प्रेमाचं गाणं. त्याने झटकन बंद केला. बहिणीसमोर तसलं गाणं कसं ऐकणार. मग नुसता इंजिनाचा आवाज.

हमरस्त्याला लागायच्या आधी त्याने गाडी बाजूला घेतली. पाठमोरा होता. मान मागे टाकून त्याने डोळ्यात काहीतरी घातलं, छोटी बाटली खिशात ठेवली.

"धूळ," तो म्हणाला.

"हं."

पुढचा रस्ता तो काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण तो बोलला. आरशातही न बघता, समोरच्या काचेशी बोलावं तसं. "बहिणीला तिथे नीट तपासलं ना?"

"तपासलं."

"यंत्राने?"

"यंत्राने."

"सगळं विचारलं?"

दहा वर्षांत त्याने मला एवढे प्रश्न विचारले नव्हते. आणि विचारले ते आत्याचे, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. मी म्हटलं, "आत्याला सांग, सगळं विचारलं, सगळं सांगितलं, आणि मी जिवंत परत येणार आहे."

तो पॅरामाटाचं वळण चुकला. परत फिरून यावं लागलं. मी मागे बसून दात खात होते.

दवाखान्यात कॅरल नावाची नर्स होती, चाळिशीची, हसरी. तिने मला आतल्या छोट्या खोलीत नेलं आणि सेमिसीला हाक मारली, "या, तुम्हीही या. बसा बहिणीशेजारी." माझ्या शेजारी एकच खुर्ची, माझ्या खुर्चीला खेटून. सेमिसी दारातच उभा राहिला, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"बसा ना."

"इथे बरा आहे मी."

"बरं. हे बघा, घरी गेल्यावर पहिल्या दिवशी तासातासाला थेंब घालायचे. त्यांना दिसायला धूसर असेल, त्यांचं त्यांना जमणार नाही. मी दाखवते. खालची पापणी अशी बोटाने ओढायची." तिने बाटली त्याच्यापुढे धरली. "घ्या, करून बघा."

सेमिसीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"वहिनी घालेल," मी म्हणाले.

"अहो, एवढा मोठा माणूस," कॅरल हसली, "बहिणीला घाबरता की काय?"

"हो," सेमिसी म्हणाला.

तो खरं तेच बोलला होता. ती मात्र खो खो हसली. मग माझ्यापाशी वाकली आणि आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे, तुझे निर्णय तुला घेऊ देतात ना ही पुरुषमंडळी?"

काय सांगणार होते मी तिला? की हा माणूस माझ्या उष्ट्या भांड्याला हात लावत नाही तो माझ्या मानासाठी? की त्याच्या मुलांच्या लग्नात मधली चटई माझी असते आणि तो दाराशी बसतो? की कमरेची ती चटई, जिच्याकडे बाहेरच्या टेबलामागे बसलेली मुलगी मघापासून टकमक बघतेय, ती त्याने माझ्यासाठी बांधलीय? दया करायची तर करा, पण आधी विचारा तरी कोण वर आहे. मी फक्त म्हणाले, "माझे निर्णय मीच घेते."

"छान," कॅरल म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटलं.

मग तिने माझा चष्मा काढून घेतला. केसांवर कागदी टोपी, पायात कागदी पिशव्या. डोळ्यांत बधीर करणारे थेंब, थंड, मग काहीच नाही, जसे डोळे दुसऱ्याचे. जग वितळलं. कॅरल म्हणजे निळा डाग, दार म्हणजे पांढरी फट, त्यात माझा भाऊ म्हणजे एक मोठी सावली.

"शेवटचं पुन्हा एकदा विचारते, नियम आहे," निळा डाग म्हणाला. "पूर्ण नाव?"

सांगितलं.

"कुठल्या औषधाने त्रास?"

"नाही."

"दिवस गेलेत?"

सेमिसीच्या बुटाचा आवाज झाला. हा प्रश्न ऐकून तो तिथून पळेलच असं मला वाटलं. गेला नाही.

"नाही," मी म्हणाले.

"घरात कुणाचं बुबुळ शंकूसारखं, पातळ झालेलं? आईवडील, सख्खी भावंडं?"

"नाही."

दारावर काहीतरी आपटलं. सेमिसीचा तळहात होता.

"थोडं थांबता येईल?" त्याने नर्सला विचारलं.

"का, काय झालं?"

"बायकोला फोन करायचाय."

तो बाहेर गेला. खोलीची भिंत काचेची होती, पडदा अर्धाच. फोन त्याने स्पीकरवर ठेवला होता, पलीकडची घंटा मला ऐकू येत होती. वाजत राहिली, बंद झाली, पुन्हा वाजली. वृद्धाश्रमात कामावर फोन कपाटात ठेवायला लावतात, हे त्यालाही माहीत होतं. तरी लावत राहिला. मग त्याची सावली पुढच्या टेबलाकडे गेली आणि मला त्याचा तो आवाज ऐकू आला, चर्चमधला, पण अगदी खाली दाबलेला.

"तिला सांगा, आज नको."

"म्हणजे, सर?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"माझ्या बहिणीला. आज करू नका म्हणावं."

"काही कारण आहे का?"

"नको म्हणून सांगा फक्त."

"सर, त्या सज्ञान आहेत. त्यांचा निर्णय त्यांचा आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा ना तिला. डॉक्टरना सांगायला सांगा. डॉक्टर सांगू शकतात."

"काय सांगायचं डॉक्टरांनी?"

आणि मग ब्रोडीचा आवाज, ज्याच्यात आता दात नव्हते. "सर, मी तुम्हाला बाहेर थांबायची विनंती करतो. इथे बाकीचे लोक आहेत."

मोठ्या अंगाचा, तपकिरी माणूस कुठेही उभा राहिला की इथे लोक आधी दार कुठे आहे ते बघतात. माझ्या भावाने आवाज चढवला नव्हता, हात उचलला नव्हता. तरी कॅरलने आतून खोलीची कडी लावल्याचं मी ऐकलं. ती मला म्हणाली, "घाबरू नकोस, तो आत येणार नाही." मला तिचा संताप आला. आणि त्याहून मोठा संताप त्याचा आला, कारण ती जे समजत होती तेच मीही समजत होते. आला हा. चटई बांधून, आत्याचं 'नको' कनवटीला लावून, शेवटच्या क्षणी. एवढी वर्षं मागच्या दाराने बाहेर जाणारा माझा भाऊ आत आला तो मला अडवायला.

मी खुर्चीवरून उतरले. कॅरल म्हणाली, "लेसिएली, डॉक्टर तयार आहेत. थेंबांचा असर फार वेळ राहत नाही."

"कडी काढ," मी म्हणाले.

कागदी टोपी, कागदी पिशव्या, हात पुढे धरून चाचपडत मी बाहेर आले. कोचांवर माणसांचे डाग बसले होते, सगळे गप्प. सगळ्यात मोठ्या डागापुढे मी जाऊन उभी राहिले आणि आमच्या भाषेत बोलले.

"आत्याने पाठवलं ना तुला?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

"आत्याला माहीतही नाही मी आलोय ते. घरी जाऊ या. लुसेआने संध्याकाळी सांगेल."

"काय सांगेल लुसेआने?"

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण मान खाली गेल्याचं कळलं.

माझ्या आत इतकी वर्षं जे शिजत होतं, ते तिथे, त्या माशांच्या पेटीपुढे उतू गेलं. "सेमिसी, बाबा गेले ते तुला पहिल्यांदा कळलं. तू वहिनीला सांगितलंस. वहिनीने आत्याला. आत्याने मला. तोवर मी बाबांसाठी गरम सूप घेऊन हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये उभी होते, आणि त्या मजल्यावरच्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं, मला नव्हतं. का, तर मला सांगणार कसं. माझा मान. मला पहिलं ताट मिळतं, मधली चटई मिळते, आणि खबर सगळ्यात शेवटी मिळते. असला मान मला नको. तुला पटत नाही म्हणतोस, तर का ते सांग. माझ्या तोंडावर सांग. हे डोळे माझे आहेत, आत्याचे नाहीत, तुझे नाहीत, लुसेआनेचे नाहीत. मशीन गेलं तर खोकी मी उचलणार आहे, तू येणार नाहीस उचलायला."

त्याचा बूट फरशीवर घासला.

"बोलणार नसशील तर दार तिकडे आहे. मी टॅक्सीने घरी जाईन."

"लेसिएली," मागून कॅरल म्हणाली, "काय ठरलं? डॉक्टर विचारतायत."

"आलेच," मी म्हणाले आणि वळले. चार पावलं गेले असेन.

"डावा डोळा माझा नाही," सेमिसी म्हणाला.

मी थांबले, पण वळले नाही. वळले असते तर तो गप्प झाला असता, हे मला माहीत होतं.

"कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ आहे त्यात. ऑकलंडला लग्नबिग्न काही नव्हतं, इथल्याच हॉस्पिटलात होतो मी. उजवंही पुढे येत चाललंय. ती बाई आत्ता म्हणाली ना, शंकूसारखं, तेच. त्या डोळ्यात एक कडक लेन्स घालतो, तिच्या जोरावर गाडी चालवतो. छपरावरून पाठीमुळे नाही उतरलो. पायाखालचा पत्रा दोन-दोन दिसायचा. चर्चमधली अक्षरं एकमेकांवर चढायची." तो श्वास घ्यायला थांबला. "लुसेआनेला एवढंच माहीत आहे. मी तिला शपथ घातली होती, माझ्या अंगाचं बहिणीच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पण हे रक्तातलं असतं, भावंडांत येतं, हे तिला मी सांगितलंच नाही. रविवारी ऐकलं तेव्हापासून झोपलेलो नाही. म्हटलं, यंत्र सांगेल. यंत्राला लाज नसते. यंत्राने सांगितलं नाही."

"भावंडांत येतं हे तुला कुणी सांगितलं?" मी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"डॉक्टरांनी. डोळा बदलला त्याच दिवशी. म्हणाले, सख्खी भावंडं असतील त्यांना पाठवा, आम्ही तपासतो, लवकर कळलं तर थांबवता येतं. विचारलं, कोण आहे." त्याचा आवाज फाटला. "मी म्हटलं, मला बहीण नाही."